कॉम्पॅक्ट डिस्क-यंत्राची पारख

इ. स. १९८२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या तारखेस सोनी कंपनीचें सीडीपी-१०१ हें यंत्र जपानच्या बाजारांत आलें. किंमत १,६८,००० येन. ध्वनिमुद्रिकेवर सुई टेकविण्याची जी क्रिया तीन पिढ्या घरोघर चालत आली होती, तिचें नांवही येथें नव्हतें. बटण दाबतांच समोरचा खण बाहेर येई, त्यांत बारा सेंटिमीटर व्यासाची चकचकीत तबकडी ठेवावयाची, आणि खण आंत गेला कीं पुढचें काम लेसरचा किरण करीत असे. हा ध्वनि निर्दोष आहे व तो कायमचा निर्दोष राहील, अशी या तबकडीची जाहिरात होती. आतां निर्दोष वस्तूंत निवड ती कसली करावयाची? तरीही आरंभींच ग्राहकापुढें दोन अगदीं भिन्न वळणाचीं यंत्रें उभीं राहिलीं, आणि त्यांतलें कोणतें घरीं आणावें याचा वाद रसिकांत सुरू झाला.

या वादाचें मूळ तबकडीच्या जन्मकथेंतच आहे. हॉलंडांतील आइंडहोवेन येथें फिलिप्स कंपनीनें मार्च १९७९ मध्यें आपल्या तबकडीचें प्रात्यक्षिक दाखविलें, आणि त्यानंतर ती सोनीशीं सहकार्य करण्यास सिद्ध झाली. ध्वनीच्या लहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजावयाची व प्रत्येक माप अंकांत लिहून ठेवावयाचें, ही या तबकडीची युक्ति. ४४,१०० हा आंकडा कोणा तत्त्वज्ञाला सुचलेला नव्हे. त्या काळीं हे अंक सांठविण्यास दूरचित्रवाणीच्या फिती वापरीत. एका चित्रक्षेत्रांत २४५ उपयुक्त रेषा, प्रत्येक रेषेंत तीन मापें आणि सेकंदास साठ क्षेत्रें, असा तो साधा गुणाकार आहे. माप किती बारकाईनें लिहावें यावर मात्र मतभेद झाला. फिलिप्सला चौदा बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या पुरेशा वाटत होत्या. सोनीनें सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा आग्रह धरला, आणि तो मान्य झाला. व्यासही साडेअकरा सेंटिमीटरांचा बारा झाला. बेथोवेनची नववी सिंफनी एका तबकडीवर सबंध मावावी म्हणून तो वाढविला, अशी एक गोड आख्यायिका आहे. परंतु फिलिप्सचे अभियंते केस स्कौहामर इमिंक यांनीं पुढें लिहिल्याप्रमाणें निर्णयामागें व्यापारी डावपेंच अधिक होते.

सोळा बिट ठरले खरे, पण फिलिप्सजवळ तयार होतें तें अंकांचें पुन्हां विद्युत्-लहरींत रूपांतर करणारें चौदा बिटांचें मंडल. तेव्हां तिच्या अभियंत्यांनीं एक तोड काढली. मापांचा वेग चौपट, म्हणजे सेकंदास १,७६,४०० करावयाचा, आणि अपुऱ्या पायऱ्यांमुळें उठणारी खरखर मानवी कानाच्या पलीकडच्या पट्टींत ढकलून द्यावयाची. परिणामीं चौदा बिटांचें मंडल जवळजवळ सोळा बिटांचें काम करूं लागलें. सोनीच्या यंत्रांत मंडल सोळा बिटांचें होतें; परंतु वेग मूळचाच असल्यामुळें वीस हजार कंपनांच्या वरचा अनिष्ट भाग कापण्यास फार उभ्या कड्याची गाळणी लागे. शिवाय काटकसरीसाठीं एकच मंडल डाव्या व उजव्या बाजूंस आळीपाळीनें वापरलें होतें. दोहोंत सुमारें अकरा दशलक्षांश सेकंदाचें अंतर पडे. ऐकावयास हा दोष मोठा वाटतो. परंतु तितक्या काळांत ध्वनि जेमतेम चार मिलिमीटर जातो. खुर्चींत मान किंचित् कलली तरी याहून अधिक फरक पडतो! मौज अशी कीं, सोळा हा आंकडा चौदाहून मोठा म्हणून त्यावर भाळणारा ग्राहक होता, आणि अकराच्या आंकड्याला भिऊन पळणाराही होता. पुढें वेगवृद्धीची ही रीत सोनीसह बहुतेक सर्व कारखानदारांनीं उचलली. तेव्हां अडचणींतून निघालेली फिलिप्सची तोडच अखेर राजमार्ग ठरली, असें म्हणणें प्राप्त आहे.

सुरुवातीच्या पुष्कळ तबकड्या कानाला कर्कश लागत, हें खरें. परंतु तो दोष सर्वस्वी यंत्राचा नव्हता. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या खोबणीस मानवेल अशा बेतानें तयार केलेल्या फितीच कित्येकदां जशाच्या तशा नव्या तबकडीवर उतरविल्या जात. दुकानांतील परीक्षा याहूनही फसवी. दोन यंत्रांपैकीं ज्याचा आवाज किंचित् मोठा, तें कानाला सरस वाटतें. म्हणून दोहोंची पातळी मोजून सारखी केल्यावांचून दिलेला निकाल कितीही ठासून दिलेला असला तरी व्यर्थ होय.

या तबकड्यांचें उत्पादन १७ ऑगस्ट १९८२ रोजीं जर्मनींतील हानोव्हरनजीक लांगेनहागेन येथील कारखान्यांत सुरू झालें. हानोव्हर हें ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर याचें जन्मस्थान. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान आदि कलावंतांचीं जीं गाणीं मुद्रित केलीं, त्यांच्या तबकड्याही याच हानोव्हरांत छापून हिंदुस्थानांत परत आल्या होत्या. पुढें दीर्घकाळ आपल्या गवयांना सबंध ख्याल तीन-साडेतीन मिनिटांत आवरून घ्यावा लागे. ज्या कानांनीं ती कोंडी सोसली, त्यांना सलग चौऱ्याहत्तर मिनिटांची मोकळीक म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

यंत्राची खरी कसोटी मात्र त्याच्या यांत्रिक भागांत लागते. तबकडीवर पांच किलोमीटरांहून लांब अशी एकच सर्पिल वाट असते. तिच्या दोन फेऱ्यांतील अंतर १.६ सहस्रांश मिलिमीटर. लेसरनें ती वाट आंतून बाहेर वाचावयाची, आणि वाचनाचा वेग स्थिर राहावा म्हणून फेरे मिनिटास पांचशेपासून दोनशेपर्यंत उतरवीत न्यावयाचे. फिलिप्सनें यासाठीं झुलणारा भुज योजिला, इतरांनीं बहुधा रुळावर सरकणारी गाडी. वाटेंत ओरखडा आला तर आयर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन या दोन गणित्यांनीं १९६० सालीं मांडलेलें संकेतशास्त्र उपयोगी पडतें. वाटेवरील सुमारें अडीच मिलिमीटर मजकूर नाहींसा झाला तरी तो गणितानें पूर्ववत् उभा करतां येतो. अर्थात् आधीं किरणानें वाट धरून ठेविली पाहिजे.

अमेरिकेंत या तबकडीची विक्री २००० सालच्या सुमारास शिखरास पोंचली व नंतर ओसरली. आज जुनें यंत्र घेणाऱ्यानें आंकड्यांच्या वादांत न शिरतां त्याचे अवयव पाहावे. खणाचा रबरी पट्टा सैल होतो, भिंगावर धूळ बसते, लेसर क्षीण होत जातो, आणि जुन्या यंत्रांचे लेसर-भाग मिळविणें कठीण झालें आहे. रूपांतराचें मंडल जुनें वाटलें तर यंत्राच्या अंकीय मुखाला निराळें मंडल जोडतां येतें. झिजलेल्या भुजाला असा पर्याय नाहीं. परीक्षेस जातांना थोडी ओरखडलेली, भरगच्च भरलेली एक तबकडी बरोबर न्यावी, आणि पहिलें गाणें ऐकून माना न डोलवितां शेवटचें गाणें लावावें. कारण तें अगदीं कडेला असतें, आणि बिघडूं लागलेल्या यंत्राची वाट बहुधा तेथेंच सुटते.