प्रौढांना वाचायला शिकवायचंय? बिलोलीसारख्या गावात वाचनालयातून हे काम कसं होतं

२०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७५ टक्के निघाली. पुरुषांची ८४ च्या आसपास, स्त्रियांची ६६. म्हणजे सात वर्षांवरच्या दर तीन बायकांमागे एकीला वाचता येत नव्हतं. जनगणनेत कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा माणूसच साक्षर धरतात. नुसती सही गिरवता येणं त्यात बसत नाही. सही जमते, पण बँकेच्या स्लिपवरचा आकडा शेजारच्याकडून वाचून घ्यावा लागतो, अशा माणसांसाठी हे शिकवणं असतं.

सध्या सरकारी पातळीवर हे काम ‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमातून चालतं. १५ वर्षांवरचं कुणीही शिकू शकतं. शिकवणाऱ्याला मानधन नाही. स्वयंसेवकाची नोंदणी उल्लास ॲपवर होते. एक गोष्ट मात्र आधीच माहीत हवी: या योजनेत एकक आहे शाळा, वाचनालय नव्हे. वर्ग वाचनालयात घेतला तरी शिकणाऱ्याचं नाव जवळच्या शाळेमार्फत नोंदवून घ्यावं लागतं, नाहीतर परीक्षेच्या दिवशी अडचण होते. परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला प्रत्येकी ५०. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली.

मग वाचनालय कशाला? पन्नाशीच्या बाईला नातवाच्या बाकावर बसायला लाज वाटते म्हणून. पण तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात पेपर वाचायला बसलेले बहुतेक पुरुषच असतात, तिथेही ती बिचकतेच. तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवलेली बरी. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग रिकामा पडतो. त्याला आळस म्हणू नये, वेळापत्रकच तसं आखावं.

शिकवायला बसताना अ-आ-इ पासून सुरुवात करू नका. ग, म, भ, न ही सारख्या वळणाची अक्षरं हाताला लवकर बसतात. त्याहून लवकर बसतं स्वतःचं नाव, मग गावाचं, मग एसटीची पाटी. हिशेब बहुतेकांना तोंडी पक्का येतो, फक्त आकडा ओळखता येत नाही. त्यातही मराठी आकडे वेगळे आणि मोबाइलवरचे इंग्रजी आकडे वेगळे, दोन्ही शिकवावे लागतात. आणि ‘मावशी, उद्या चष्मा घेऊन या’ हे पहिल्याच दिवशी सांगावं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं आणि बाई स्वतःच्याच डोक्याला दोष देत बसते.

बिलोलीत भाषेचाही प्रश्न आहे. तेलंगणची हद्द जवळच, त्यामुळे काही घरांत तेलुगू बोलतात, काहींत उर्दू. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत होता, मराठवाड्यातल्या जुन्या जमिनीच्या कागदांवर ती लिपी अजून सापडते. घरात मराठी न बोलणाऱ्याला आधी शब्दाचा अर्थ कळायला हवा, अक्षर नंतर. तो कोणत्या भाषेत शिकू इच्छितो, हे त्यालाच विचारावं.

सगळ्यात अवघड भाग परीक्षेनंतरचा. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी विनामोबदला शिकवलं आणि गावंच्या गावं साक्षर म्हणून जाहीर झाली. अशा मोहिमांनंतर नेहमी दिसतं ते हे की वापर थांबला की नवं वाचन काही महिन्यांत विसरायला होतं. शाळेचं काम प्रमाणपत्राशी संपतं, तेव्हा वाचनालयाचं सुरू होतं. नवसाक्षराला सभासद करून घ्यावं. सुरुवातीला मोठ्या टाइपाची बालपुस्तकं द्यावीत, पण ‘ही नातवाला वाचून दाखवा’ असं म्हणून. पेपरात आधी बाजारभावाचं पान उघडून द्यावं. सोयाबीनचा आजचा भाव काय, हे त्यांना स्वतः शोधायचंच असतं.