टर्नटेबलसाठी घडलेले कान

महागड्या नेटवर्क म्युझिक प्लेअरचं कौतुक ज्या भाषेत होतं, ती नीट ऐकली तर एक गंमत ध्यानात येते. पार्श्वभूमी जास्त काळीभोर झाली, लय घट्ट बसली, गायिका दोन पावलं पुढे आली, चाल सहज पकडता येऊ लागली. ही सगळी विशेषणं राउटरकडून आकडे घेणाऱ्या एका छोट्या संगणकासाठी वापरली जातात, पण ती घडली भलत्याच यंत्रासाठी: पट्ट्यावर फिरणाऱ्या थाळीसाठी आणि खाचेतून घासत जाणाऱ्या हिऱ्याच्या सुईसाठी. आवाज पारखण्याची आजची रीत टर्नटेबलच्या काळातली आहे. तिथे ती खरोखर उपयोगाची होती. यंत्र बदललं, रीत मात्र तशीच चालत आली. नेटवर्क प्लेअरवरून होणारी बरीचशी भांडणं या उसन्या रीतीमुळे होतात, असं मला वाटतं.

ग्लासगोत आयव्हर टीफेनब्रुन यांनी १९७२ साली ‘लिन सॉन्डेक एलपी १२’ हे टर्नटेबल बाजारात आणलं, तेव्हा पैसा कुठे घालायचा याचं उत्तर ठरलेलं होतं. आधी स्पीकर, मग ॲम्प्लिफायर, उरलेल्यात टर्नटेबल. थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते ना, मग झालं तर! टीफेनब्रुन यांनी ही उतरंड उलटी केली. खाचेतून उचलताना जे निसटलं ते पुढचं कोणतंही यंत्र परत आणत नाही, म्हणून पहिला खर्च उगमावर, असा त्यांचा हिशेब. तो बरोबर होता. टर्नटेबल हे भूकंपमापकाच्या जातीचं यंत्र आहे. सुई खाचेतली मायक्रॉनच्या हिशेबातली नागमोड वाचत असते. जमिनीचा हादरा, मोटरची घरघर, बेअरिंगची कुरकुर, एवढंच काय समोरच्या स्पीकरचा आवाजसुद्धा तिच्या वाचनात मिसळतो. म्हणून थाळीचा भार एका टोकावर पेलणारं बेअरिंग आणि लाकडी पेटीत स्प्रिंगांवर तरंगणारी आतली चौकट. (स्प्रिंगांची कल्पना एडगर व्हिलचर यांच्या १९६१च्या एआर टर्नटेबलमध्ये आधीच होती, ग्लासगोकरांनी ती जास्त कसोशीने राबवली.) त्या काळी टर्नटेबलच्या माहितीपत्रकात मुख्यतः दोन आकडे असत, एक वेगातल्या चढउताराचा आणि एक घरघरीचा. त्या दोन आकड्यांत मावणार नाही असं पुष्कळ काही त्या यंत्रात घडत होतं, आणि ते कानाला कळत होतं.

मग गिऱ्हाइकाला फरक पटवायचा कसा? टीफेनब्रुन यांच्या लिन कंपनीने दुकानदारांना एक शिस्त घालून दिली. खोलीत एका वेळी स्पीकरची एकच जोडी. बाकीचे बाहेर, कारण न वाजणाऱ्या स्पीकरचे पडदेही खोलीतल्या आवाजाने थरथरतात. ऐकणाऱ्याने खर्ज किती, तार किती असला हिशेब मांडायचा नाही. तोच तुकडा दोन यंत्रांवर ऐकायचा आणि मनातल्या मनात चाल गुणगुणून बघायची. जिथे ती सहज साथीला येईल ते यंत्र चांगलं. थाळीचा वेग हलला की सूर हलतो आणि सूर हलला की चाल निसटते, तेव्हा या कसोटीला यांत्रिक आधार होता. तिने तांत्रिक शब्दांना बिचकणाऱ्या साध्या श्रोत्याच्या हाती निवाडा दिला, हे तिचं मोठं श्रेय. आपल्याकडे ‘तानसेन नाही तर निदान कानसेन’ म्हणतात, तसला हा विश्वास.

पण ऐकवण्याची खोली ही विकणाऱ्याची रंगभूमीही असते, आणि हे एडिसनच्या कंपनीने अर्धशतकाहून अधिक काळ आधीच दाखवून दिलं होतं. १९१५पासून अमेरिकेत गावोगाव त्यांच्या ‘टोन टेस्ट’ झाल्या. १९१६ साली तर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड ही ऑपेरा गायिका स्वतःच्याच रेकॉर्डशेजारी उभी राहून गायली. गाता गाता ती थांबे, रेकॉर्ड चालूच राही, आणि श्रोत्यांनी ओळखायचं की आता कोण गातंय. काही ठिकाणी दिवेही मालवत. ना मायक्रोफोन ना वीज, नुसत्या भोंग्याने मुद्रित केलेली ती तबकडी. आज ऐकली तर पोरसुद्धा फसणार नाही. तरी सभागृहंच्या सभागृहं फसली. या खेळांत गाजलेल्या ॲना केसने पुढे म्हातारपणी कबूल केलं की आपण आवाज यंत्राच्या मापात ठेवत होतो. म्हणजे यंत्र माणसाजवळ गेलं नव्हतं, माणूस यंत्राजवळ सरकला होता. श्रोत्यांचे कान बिघडलेले नव्हते. त्यांनी काय ऐकायचं ते आधी ठरवून दिलेलं होतं.

ऑक्टोबर १९८२मध्ये जपानात सीडी आली आणि उगमातला डगमगता भागच गेला. सेकंदाला ४४,१०० नमुने, वेग क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या ताब्यात. थाळीचा चढउतार मोजण्यापलीकडे नाहीसा झाला. टीफेनब्रुन डिजिटलचे कडवे विरोधक. १९८४ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी त्यांच्यासमोर एक परीक्षा मांडली: रेकॉर्डचाच आवाज, पण मधूनमधून त्यांना न सांगता डिजिटल यंत्रातून नेऊन परत आणलेला. तो केव्हा आत आहे आणि केव्हा बाहेर, हे टीफेनब्रुन यांना नाणेफेकीपेक्षा जास्त खात्रीने सांगता आलं नाही. एका माणसाच्या एका बैठकीतून जगाचा निकाल लागत नाही, आणि ते स्वतः परीक्षेला बसले हे त्यांच्या दिलदारीचंच लक्षण. पण सुईच्या बाबतीत अचूक निघालेला कान इथे अडखळला.

पुढचं वळण २००७चं. त्याच लिन कंपनीने ‘क्लायमॅक्स डीएस’ काढला, ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या पेटीतला नेटवर्क प्लेअर, आणि २००९ साली सीडी प्लेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. उगम आता नेटवर्कवर आला होता, पण त्याला पारखायला चाल गुणगुणण्याची तीच कसोटी. २००७ सालीच ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा प्रयोग छापून आला. जास्त तपशिलाच्या मुद्रणाचा आवाज सीडीच्या मापातून गाळून घेतला, तर ऐकणाऱ्याला ते कळतं का? ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी.

नेटवर्क प्लेअरमध्ये होतं काय, हे जरा जवळून पाहू. गाणं तुकड्यातुकड्यांनी येतं, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि तपासणीचा आकडा. तुकडा बिघडला किंवा हरवला तर पुन्हा मागवला जातो. आलेले तुकडे प्लेअरच्या स्मृतीत साठतात आणि तिथून त्याच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतात. राउटर घाईने देवो की रडतखडत, साठा संपत नाही तोवर सुराला त्याचा पत्ता नसतो. केबलमधून विजेचा गोंगाट आत शिरतो, हा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार. त्यासाठी नेटवर्कच्या सॉकेटमागे बारीक ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात. त्यांनाही चुकवून काही आत आलंच, तर ते शेवटी प्लेअरच्या आउटपुटवर दिसायला हवं, आणि तिथे मोजता येतं.

मोजमापात सगळं येत नाही, असं यावर म्हणतात. हे म्हणणं उडवून लावू नये, कारण इतिहासात एकदा कान जिंकलेला आहे. सीडीच्या पहिल्या काळात आवाज रुक्ष वाटतो अशी तक्रार करणाऱ्यांना वेड्यात काढलं गेलं. पुढे आकड्यांच्या ठोक्यात सूक्ष्म डळमळ असते, ज्याला ‘जिटर’ म्हणतात, तिचा छडा लागला. १९९२ साली डन आणि हॉक्सफर्ड यांनी, एकाच तारेतून गाणं आणि घड्याळ दोन्ही पाठवणाऱ्या जोडणीतच खोट आहे का, असा प्रश्न उघड मांडला. साऱ्या तक्रारी जिटरच्याच होत्या असं नाही, पण शोधायला लावलं ते कानांनी. आता गंमत बघा: घड्याळ तारेतून न घेता प्लेअरमध्येच ठेवणं हाच त्या खोटीवरचा उपाय, आणि नेटवर्क प्लेअर जन्मतःच तसा असतो. कानाने जिंकलेली लढाई पुन्हा लढायला इथे शत्रूच उरलेला नाही.

दुसरा आक्षेप जोशुआ रिस यांच्या २०१६च्या अभ्यासाचा. अठरा प्रयोग आणि साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्न एकत्र करून त्यांना बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के सापडलं. सराव दिलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढलं. म्हणजे जास्त तपशिलाचं मुद्रण कधीकधी, काहींना कळतं. हे मी मान्य करतो. पण तिथे तुलना मुद्रणाच्या मापांची होती. एकच फाईल वाजवणाऱ्या दोन प्लेअरची नव्हती. आणि शंभरात दोन-तीन उत्तरांच्या फायद्याला कुणी ‘पडदा दूर झाला’ म्हणत नाही.

तिसरा आक्षेप डोळे बांधून ऐकण्यावरच आहे: दडपण येतं, वेळ अपुरा पडतो. वेळेची अट तर कुणीच घातलेली नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डेट्रॉइटच्या हौशी मंडळींनी यंत्र न ओळखता तुलना करण्यासाठी जी ‘एबीएक्स’ पेटी बनवली, ती घरी नेऊन महिनाभर ऐकायलाही हरकत नव्हती. डोळे उघडे ठेवून ऐकण्याचं दडपण मात्र कुणी मोजत नाही. १९९४ साली टूल आणि ऑलिव्ह यांनी चाळीस श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा न दाखवता, एकदा दाखवून ऐकवले. दिसत असताना छोट्या स्वस्त संचाचे गुण घसरले.

शिवाय पातळीचा प्रश्न आहेच. एका प्लेअरचं आउटपुट २ व्होल्ट, दुसऱ्याचं २.२, एवढ्यानेही आवाजात पाऊण डेसिबलहून जास्त फरक पडतो, आणि कान त्याला मोठा न म्हणता मोकळा, जिवंत, पुढे आलेला म्हणतो. स्पीकरच्या टोकांना मीटर लावून दोन्ही यंत्रं ०.१ डेसिबलच्या आत आणल्याशिवाय झालेली तुलना ही बहुतेक वेळा व्हॉल्यूमची तुलना असते. विक्रीच्या खोल्यांत हा मीटर क्वचितच निघतो.

मग सगळे नेटवर्क प्लेअर सारखेच? नाहीत. कुणाचं आउटपुट कमकुवत असतं, कुणाचं सॉफ्टवेअर गाण्याच्या मधोमध रुसतं, कुणाला खोलीची समज असते. ही शेवटची गोष्ट तर थेट ऐकू येते, कारण घरातला खर्ज मुख्यतः भिंती ठरवतात. लिनच्याच प्लेअरमध्ये पुढे ‘स्पेस ऑप्टिमायझेशन’ आलं. त्यासाठी खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि भिंती कशाच्या आहेत ते भरावं लागतं. मग कोणता खर्ज कोपऱ्यात घुमेल ते गणिताने काढून तेवढाच उतरवला जातो. ग्लासगोची शिस्त पाळत आलेला दुकानदार आज गिऱ्हाइकाच्या घरी जातो, तेव्हा गाणं लावण्याआधी खिशातून टेप काढून भिंतीला धरतो.