चिंचवड देवस्थान इनाम व मंगलमूर्ती वाडा

पवनाकाठच्या चिंचवड येथील देव घराण्याचे वंशपरंपरागत इनाम. गणेशभक्त मोरया गोसावी हे मूळपुरुष. त्यांचे पुत्र चिंतामणी यांना संत तुकारामांनी ‘देव’ म्हटले व तेच आडनाव झाले, अशी परंपरा आहे. मोरया गोसावींच्या समाधिमंदिराचे बांधकाम १६५८-५९ मध्ये सुरू झाले. भोसले, मुघल व पेशवे अशा परस्परविरोधी सत्तांनीही घराण्याला इनामे दिली, हे विशेष. तलवारीवर नव्हे, भक्तीवर उभी राहिलेली ही सत्ता होती. १८१० मध्ये सातव्या देवांबरोबर (घराण्याच्या प्रमुखांबरोबर) थेट वंश खुंटला. इनाम मात्र इंग्रजी अमलातही टिकले. मंगलमूर्ती वाडा हे देवांचे निवासस्थान. मोरया गोसावींना कऱ्हा नदीत सापडल्याचे सांगितले जाते, ती मूर्ती येथेच असते. भाद्रपद व माघात तिची पालखी मोरगावला जाते.