‘क’चा आकडा किती?

२००६ साली आम्ही पहिला लॅपटॉप घेतला आणि विंडोज सोडून लिनक्सकडे वळलो. जुन्या संगणकावरची इंग्रजी टिपणे नव्यावर सहज उघडली. मराठी टिपणांच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. असे का व्हावे?

संगणकात अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवलेली असतात. कोणता आकडा कोणत्या अक्षराचा, हे आधी ठरवावे लागते. इंग्रजीसाठी १९६३ साली अमेरिकेत आस्की हे मानक ठरले. त्यात १२८ जागा होत्या. देवनागरीसाठी एकही नव्हती. म्हणून मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर त्यांनी देवनागरी आकार बसवले. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आतला आकडा इंग्रजी अक्षराचाच राही. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी! आमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे मूळ आकडे उघडे पडले.

भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली. तिच्यात ‘क’चा आकडा २३२५. यंत्र बदलले तरी तो बदलत नाही.

आमची टिपणे आम्ही एकेक आकार जुळवत परत मिळवली. तुमच्या शाळेतल्या जुन्या संगणकातही अशा प्रश्नपत्रिका, विद्यार्थ्यांचे लेख असतील. तो मोडीत काढण्यापूर्वी ते सारे युनिकोडमध्ये उतरवून घ्या.