वेडाचे कारण आणि गांजा-आयोग (१८९३-९४)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांची कोष्टके छापली जात. त्यांत गांजा, भांग व चरस यांच्या नावावर बरीच मोठी संख्या मांडलेली असे. गांजाने माणूस वेडा होतो, या समजुतीस या कोष्टकांचा आधार मिळे. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात डब्ल्यू. एस. केन यांनी या विषयाचा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी जुलै महिन्यात डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचा आयोग नेमण्यात आला. त्यांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या.

कोष्टकातील आकडे पडताळण्यापूर्वी ते कसे तयार होतात, याचा आयोगाने शोध घेतला, हे त्याच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. १८५८ च्या ३६ व्या कायद्यान्वये मोकाट भटकणाऱ्या वेड्यास पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत. तेथून रोग्याबरोबर येणाऱ्या कागदात ‘कारण’ असा एक रकाना असे. दुसरे काही ठाऊक नसले आणि तो इसम गांजा ओढतो एवढे कळले, की तेथे ‘गांजा’ असे लिहिले जाई व तीच नोंद पुढे इस्पितळाच्या दफ्तरात उतरे. अशा रीतीने सवय सांगणारा शब्द कारण सांगणारा ठरला.

१८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांचे वेड या मादक द्रव्यांमुळे उद्भवल्याची नोंद होती. आयोगाने आप्तेष्टांकडे व स्थानिक अधिकाऱ्यांकडे प्रत्येकाची फेरचौकशी करविली, तेव्हा ९८ प्रकरणेच टिकली; त्यांतही केवळ ही द्रव्ये कारणीभूत असल्याची ६१, म्हणजे शेकडा साडेचार. माफक सेवनाने मनास अपाय होत नाही, अतिसेवनाने होऊ शकतो, असा निष्कर्ष काढून आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. राजा शशिशेखरेश्वर रॉय व लाला निहालचंद यांनी आपली भिन्न मते नोंदविली.

आरोपीच्या दृष्टीने हा केवळ शब्दच्छल नव्हता. १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमाने मनोविकलास अपराधातून मुक्तता दिली होती. ८५ व्या कलमाने मात्र नशा नकळत वा इच्छेविरुद्ध चढविली गेली असेल तरच ती दिली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या व २३ व्या कलमांतही हा भेद कायम आहे.

तथापि आयोगाच्या फेरचौकशीसही मर्यादा होती. नातलगांची स्मृती म्हणजे वैद्यकीय निदान नव्हे, आणि कारण सिद्ध न होणे म्हणजे निरुपद्रवीपणा सिद्ध होणे नव्हे. तीव्र गांजाचे नित्य सेवन व मनोविकृती यांचा संबंध अलीकडील संशोधनात वारंवार आढळला आहे. म्हणून आयोगाच्या निष्कर्षापेक्षा त्याची पद्धती अधिक मोलाची ठरते : नोंद कोणी केली, कशाच्या आधारे केली, हे विचारल्याविना तिच्यावरून रोग्याचा वा आरोपीचा निवाडा करू नये.