विवाहाची नोंदवही आणि रक्ताचा वारसा

आमच्या धर्मग्रामाच्या विवाह-नोंदवहीत वधू-वरांची नावे, वये, स्नानसंस्काराच्या तारखा, साक्षीदार असे सारे रकाने आहेत. रक्ताविषयी रकाना नाही. नात्याविषयी मात्र आम्ही धर्मगुरू आवर्जून विचारतो, कारण मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क ही मराठवाड्यातील रूढी आपल्या ख्रिस्ती घरांतूनही पुरती गेलेली नाही. १९१७ च्या धर्मसंहितेने आते-मामे भावंडांच्या मुलांपर्यंतचे विवाह अडवले होते. १९८३ च्या संहितेने, कलम १०९१ अन्वये, ही मर्यादा सख्ख्या भावा-बहिणींच्या मुलांपर्यंत आणली. आणि तेथेही बिशपांकडून सूट मिळू शकते.

अशा सुटीसाठी पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका जोडप्याची शिफारस केली होती. घरे सुस्वभावी, मुले समजूतदार. आम्हांला विचारण्यासारखे काही उरले आहे असे वाटले नाही. त्यांचे पहिले बाळ सहा महिन्यांचे होईतो पांढरेफटक पडले. घाटी रुग्णालयात निदान झाले : थॅलेसेमिया. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणे आले. एके दिवशी ती आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, दुसरं होऊ द्यावं का?" सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचले होते. उत्तर मात्र जवळ नव्हते.

तेव्हापासून आम्ही या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या; तो सिकलसेल. १९२५ साली डेट्रॉइटच्या थॉमस कूली यांनी दुसऱ्या एका बालरोगाचे वर्णन केले. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत तो आढळे, म्हणून पुढे समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून त्याला थॅलेसेमिया हे नाव पडले. भारतात सिकलसेल १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. विदर्भ आणि खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यांत हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या होतेच, त्याला नाव तेवढे नव्हते.

दोन्ही रोगांची रीत एकच. वाहक स्वतः धडधाकट असतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रोगी मुलाची, दोन वाहक मुलाची, एक पूर्ण निरोगी मुलाची. येथेच आपल्या लोकांची गफलत होते. एक आजारी झाले, आता तीन चांगली होतील, असा हिशोब घरची वडीलधारी माणसे मांडतात. रक्त असा हिशोब ठेवत नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने पडते.

ख्रिस्तसभेने याविषयी काय म्हटले? १९३० साली पोप अकरावे पायस यांनी आनुवंशिक दोष असलेल्यांना कायद्याने विवाहबंदी करण्यास ठाम विरोध केला. मात्र अशांना विवाहापासून परावृत्त करणारा सल्ला देण्यास हरकत घेतली नाही. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते १२ सप्टेंबर १९५८ चे भाषण. नागपूरची नोंद त्याच वर्षाची. रक्तविज्ञानाच्या डॉक्टरांपुढे बोलताना पोप बारावे पायस यांनी विवाहपूर्व रक्ततपासणीचा सल्ला देण्यास मान्यता दिली, धोका गंभीर असेल तेथे ती सक्तीचीही करता येईल असे सांगितले, आणि नीतिशास्त्रज्ञाने प्रत्येक प्रकरणात ठोकून 'होय' किंवा 'नाही' म्हणू नये, असा इशाराही दिला. पुढच्याच महिन्यात ते निवर्तले.

वीस वर्षांनी प्रश्न अधिक अवघड झाला. १९७१ च्या कायद्याने भारतात गर्भपात वैध झाला होता. १९७८ मध्ये गर्भजलातील पेशींवरून सिकलसेल ओळखण्याची डीएनए पद्धत निघाली. अशा तपासण्यांचा उपयोग आपल्याकडे मुली नाहीशा करण्यासाठी इतका झाला की महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. आनुवंशिक रोगांसाठी मात्र वाट मोकळी ठेवली. १९८७ च्या रोमच्या सूचनेत ही तपासणी बाळाच्या हितासाठी चालते, गर्भ नाकारण्याच्या हेतूने नाही, असे स्पष्ट आहे. आम्ही तेच शिकवतो. पण शिकवणे सोपे असते. एका जोडप्याने वेगळा निर्णय घेतला आणि कित्येक महिने देवळात शेवटच्या बाकावर बसत राहिले. त्यांच्याशी आम्ही फार उशिरा बोललो, ही आमची चूक.

सायप्रसमध्ये तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा विवाहापूर्वी थॅलेसेमियाच्या तपासणीचा दाखला मागू लागली. दोघे वाहक निघाले तरी बहुतेकांनी लग्न मोडले नाही, हे आम्हांला लक्षणीय वाटते. आपल्याकडे भीती निराळी आहे : दाखला निघाला की मुलीवर शिक्का बसेल. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, गावोगाव तपासण्या होऊ लागल्या, तरी ही भीती ओसरलेली नाही. मुलाची तपासणी आधी करा, असे आम्ही म्हणतो, तेव्हा वरपक्ष अवघडून बसतो.

त्या आईने दुसरे मूल होऊ दिले नाही. तो तिचा व तिच्या नवऱ्याचा निर्णय. आम्ही फक्त ऐकले. मुलगा आता एकटाच बसने घाटीत जातो. आणि विवाहपूर्व शिबिरात आम्ही आता प्रत्येक जोडप्याला, नात्यातले असोत वा नसोत, हिमोग्लोबिनची तपासणी करून येण्यास सांगतो. नोंदवहीत मात्र तो रकाना अजून आखलेला नाही. दोघांनी आणलेले कागद पाहिले की आम्ही घडी घालून त्यांच्याच हाती परत देतो.