खांबावरचे काटे: अमेरिकेतील डिझेल पिकअप आणि जादा मीटर

अमेरिकेतील डिझेल पिकअपच्या पुढच्या काचेला लागून जो खांब असतो, त्यावर दोन-तीन गोल मीटर बसवण्याची रीत १९९० च्या दशकात चांगलीच रुळली. हे मीटर कारखान्यातून येत नसत. मालक ते वेगळे विकत आणी आणि घरच्या गॅरेजात बसवी. एक मीटर टर्बोचा दाब दाखवी, दुसरा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान आणि तिसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान. मूळ डॅशबोर्डवर वेग, इंधन, पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि बॅटरी एवढेच दिसे. नंतरच्या काळात या तीन मीटरांत आणखी भर पडली. कोणता मीटर केव्हा खपू लागला, हे त्या वेळच्या इंजिनाचे दुखणे कुठे होते यावरून ठरत गेले.

मीटरांमागचे शास्त्र मोटारीहून जुने आहे. दाब मोजणारी वाकडी नळी पॅरिसच्या युजीन बूर्दों याने १८४९ साली काढली. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकली की उलगडते, तशी ही पितळी नळी आत दाब गेला की किंचित सरळ होते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. ती मुळात वाफेच्या इंजिनांसाठी होती. धुराचे तापमान मोजण्याची युक्ती त्याहूनही जुनी. दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडाला उष्णता लागली की विद्युत दाब निर्माण होतो, हा परिणाम थॉमस झेबेक याला १८२१ मध्ये दिसला. पिकअपच्या पायरोमीटरमध्ये, म्हणजे धुराच्या तापमापकात, आजही निकेलच्या दोन मिश्रधातूंच्या तारा असतात. ६७५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्यांच्यातून जेमतेम २८ मिलिव्होल्ट मिळतात. जुने पायरोमीटर तेवढ्यावरच चालत. त्यांना बॅटरीची जोडणी लागत नसे, फक्त आतल्या दिव्यासाठी लागे.

सुरुवातीच्या मोटारींत चालकाला माहिती देण्याची हौस होती. १९१० च्या दशकात रेडिएटरच्या झाकणावर बॉइस कंपनीचा तापमापक उघडपणे मिरवत असे. पुढे वारे उलटे फिरले. १९३० च्या दशकात हडसन कंपनीने तेल आणि जनरेटर यांच्या काट्यांऐवजी लाल दिवे लावले, आणि इतर कंपन्यांनीही हळूहळू तोच मार्ग धरला. दिव्याला खर्च कमी आणि ग्राहकाच्या शंकाही कमी. मोटारवाले त्यांना ‘मूर्खांचे दिवे’ म्हणू लागले, कारण दिवा पेटेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. फोर्डने १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच्यापुढची पायरी गाठली. डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा होता, पण त्याच्यामागे साधा चालू-बंद स्विच. दाब अगदीच खाली गेला नाही तर काटा मध्यावर निमूट उभा राही. दिव्याला मीटरचा वेश चढवण्याचा हा प्रकार ज्यांच्या लक्षात आला, त्यांचा कारखान्याच्या इतर काट्यांवरचाही विश्वास उडाला असेल तर नवल नाही.

अवजड ट्रकांत मात्र काटे टिकून होते. त्याचे कारण टर्बो. डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्सने १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली आणि फ्रेड अगाबाशियन याने तिच्यावर सर्वांत पुढची जागा मिळवली; शर्यतीत मात्र टायरच्या रबराच्या कचऱ्याने टर्बोचे तोंड तुंबले आणि गाडी बाद झाली. पुढच्या दोन दशकांत लांब पल्ल्याच्या ट्रकांत टर्बो सर्रास आला, आणि त्याच्याबरोबर पायरोमीटरही. पेट्रोल इंजिनात पॉवरपुरते इंधन मिळत असताना ते थोडे कमी केले तर धूर जास्त तापतो. डिझेलचे गणित उलटे आहे. इथे इंधन जितके जास्त, तितकी उष्णता जास्त. चढावर भरलेला ट्रक ओढताना चालकाने पाय दाबून धरला आणि टर्बो तेवढी हवा देऊ शकला नाही, तर उष्णता पिस्टनवर येते. पिस्टन अॅल्युमिनियमचे, आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. ट्रकचालक पायरोमीटर बघून गिअर उतरवीत.

डिझेल पिकअपचा जमाना १९८० च्या दशकात आला. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ६.२ लिटरचे आणि फोर्डने १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६.९ लिटरचे इंजिन दिले. दोन्ही टर्बोविना होती. ट्रेलर ओढणाऱ्यांना ती सुस्त वाटत, म्हणून कॅलिफोर्नियातील गेल बँक्स यांच्यासारख्यांनी त्यांना बाहेरून टर्बो बसवण्याचे संच विकायला काढले. जे इंजिन टर्बोसाठी बनलेच नव्हते त्याला टर्बो लावायचा, तर धुराचे तापमान पाहणे भागच होते. पिकअपमध्ये पायरोमीटर शिरला तो या वाटेने.

खरी लाट आणली ती डॉजने १९८९ मध्ये. कमिन्सचे सहा सिलिंडरचे ५.९ लिटर इंजिन त्यांनी पिकअपमध्ये घातले: १६० अश्वशक्ती, टर्बो मुळातच. कोथरूडच्या कारखान्यामुळे पुणेकरांना कमिन्स हे नाव परके नाही, आणि याच मालिकेतील इंजिने टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवून टाटाच्या ट्रकांना दिली. अमेरिकी मालकांना लवकरच कळले की या इंजिनाच्या बॉश पंपावरचा एक स्क्रू फिरवला की इंधन वाढते. फुकटात ताकद मिळाली. पण डॅशबोर्डवर ना टर्बोचा दाब दिसे, ना धुराचे तापमान. स्क्रू किती फिरवायचा हे पायरोमीटरशिवाय ठरवणे म्हणजे नशिबावर हवाला. सतत चढताना १,२५० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ६७५ सेल्सिअस) वर काटा राहू द्यायचा नाही, हा ढोबळ नियम तेव्हापासून रूढ आहे. धूर एवढा तापला तरी पिस्टनला खालून तेलाचा गारवा मिळतो, म्हणून तो तगतो; पण कोलोरॅडोत ११ हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे ट्रेलर ओढत चढताना हवा विरळ होते आणि काटा ही मर्यादा झपाट्याने गाठतो.

मीटर बनवणारे जुनेच होते. इलिनॉयमधील ऑटो मीटर १९५७ पासून शर्यतीच्या गाड्यांसाठी मीटर बनवीत होती. ओरेगॉनमधील इसप्रो अवजड ट्रकांचे पायरोमीटर करी. सुमारे ५२ मिलिमीटर व्यासाचा मीटर हे माप ठरून गेले, आणि त्या मापाच्या भोकांचे प्लास्टिकचे आवरण खांबावर चपखल बसू लागले.

बसवण्यात अवघड काम एकच: बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून आटे काढणे. टर्बोच्या अगोदर भोक पाडले तर बिडाचा कीस टर्बोच्या पात्यांत जाण्याचा धोका. त्यावर दोन पंथ झाले. एक पंथ ड्रिलला आणि टॅपला ग्रीस माखून कीस त्यात धरी आणि उरलेला चुंबकाने काढी. दुसरा इंजिन चालू ठेवूनच भोक पाडी, म्हणजे धुराच्या जोराने कीस बाहेर उडतो. गरम कीस हातावर घेत हे काम करणारे लोक होते, हे मान्यच करावे लागते. भीतीपोटी काहींनी संवेदक टर्बोनंतरच्या पाइपात बसवला. तो मोडून पडला तरी टर्बो वाचे. पण टर्बोमधून जाताना धुराची उष्णता खर्ची पडते, त्यामुळे तिथला आकडा दोन-तीनशे अंश फॅरनहाइटने कमी येतो, आणि जोर जास्त असताना फरक आणखी वाढतो. नेमके जेव्हा खरे सांगायला हवे तेव्हा असा मीटर थापा मारी. तारांबाबत आणखी एक गोची होती: जोडाच्या तारा आखूड पडल्या म्हणून साधी तांब्याची तार जोडली, की आकडा बिघडे. टर्बोच्या दाबाचे मीटर त्यामानाने सोपे. मॅनिफोल्डपासून बारीक नायलॉनची नळी आत आणली की झाले.

१९९८ च्या मध्यापासून डॉजच्या कमिन्समध्ये बॉशचा नवा इलेक्ट्रॉनिक पंप आला आणि चौथा मीटर जन्माला आला, इंधनाच्या दाबाचा. हा पंप डिझेलनेच थंड होतो आणि डिझेलनेच त्याला वंगण मिळते. त्याला डिझेल पुरवणारा इंजिनावरचा छोटा विजेचा पंप मात्र कच्चा निघाला. तो मंदावला तरी गाडी चालत राही आणि हजार डॉलरहून महाग असलेला मोठा पंप आतून झिजत जाई. दाब घसरलेला वेळीच दिसावा म्हणून मालक खांबावर आणखी एक भोक शोधू लागले. या मीटरची नळी थेट आत आणली तर फुटल्यावर डिझेल चालकाच्या मांडीवर. म्हणून मध्ये पडद्याचा अडसर किंवा विजेचा संवेदक घालीत.

फोर्डच्या २००३ च्या ६.० लिटर इंजिनाने मीटरांची पद्धतच बदलली. त्यातला तेल थंड करणारा कूलर तुंबे आणि मग धूर थंड करणारा कूलर फुटे. तेल आणि पाणी यांच्या तापमानात १५ अंश फॅरनहाइटहून जास्त फरक पडला की कूलर गेला असे धरीत. दोन्ही तापमाने इंजिनाच्या संगणकाला आधीच माहीत होती, फक्त चालकाला सांगितली जात नव्हती. भोक पाडण्याची गरजच उरली नाही. डॅशबोर्डखालच्या निदानाच्या सॉकेटला छोटा पडदा जोडला की आकडे दिसत. २००७ पासून काजळी अडवणारा फिल्टर सक्तीचा झाल्यावर तो किती भरला आणि कधी जळून साफ होतो, हेही याच पडद्यांवर दिसू लागले.

मीटर आणि इंजिनाची ताकद वाढवणारे यंत्र एकाच डब्यात विकण्याची प्रथा याच काळात पडली, आणि तिथे कायदा आडवा आला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून प्रदूषण-नियंत्रणाची साधने काढली गेली. त्यानंतरच्या कारवायांत प्रदूषण-नियंत्रण निकामी करणारी यंत्रे सापडली. नुसते आकडे दाखवणाऱ्या मीटरला कुणी हात लावला नाही. १९९८ च्या मध्याआधीच्या डॉज कमिन्समध्ये आणि त्या काळातील इतर यांत्रिक पंपांच्या पिकअपमध्ये हे आकडे देणारा संगणकच नसल्याने, त्या गाड्यांसाठी काट्याचे मीटर, नायलॉनची नळी आणि मॅनिफोल्डचे भोक आजही लागते.